उघाडीमागचा जिताडा

“मॅडम, तुम्हीच सांगा, यात पाणथळ काय आहे?”

असं म्हणून बेंद्र्यांनी बुटाच्या टाचेनं चिखलाचं एक वाळकं ढेकूळ फोडलं. त्याचा भुगा वाऱ्यानं उडाला आणि माझ्या साडीवर येऊन बसला. बेंद्रे कंपनीचे. परवानग्या मिळवणं हे त्यांचं काम, आणि त्या कामाला लागतो तसाच त्यांचा चेहरा होता, कायम नुकताच धुतल्यासारखा.

शिरघरच्या मोठ्या खाजणात आम्ही उभे होतो. दोनशे एकर सपाट जमीन, एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये मातीचा उंच बांध. मे महिना, सकाळचे अकरा. या जागेवर बावीस मजली इमारतींची वसाहत उठायची होती. जागा पाणथळ ठरली तर भराव घालता येणार नव्हता. पडीक ठरली तर दुसऱ्या दिवसापासून डंपर सुरू. ते ठरवायला समिती आली होती. अध्यक्ष नाईकनवरे साहेब, महसूल खात्यातले, मूळचे साताऱ्याकडचे. लिहायला एक तलाठी. आणि तज्ज्ञ सदस्य म्हणून मी, शालन टिपणीस, तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, वय वर्षं चौतीस. ‘तज्ज्ञ सदस्य’ हे शब्द मी त्या आठवड्यात आरशासमोर दोनदा तरी म्हणून पाहिले होते. आता लिहितानाही कानशिलं तापतात.

“बारा वर्षांपूर्वी मी विद्यार्थी म्हणून इथे आले होते,” मी म्हणाले. “तेव्हा मांडीइतकं पाणी होतं. त्या तिथे चित्रबलाक उभे होते, शे-दीडशे.”

“असतील ना,” बेंद्रे हसले. “बारा वर्षांत काय काय बदलतं! आता हवामानच बदललंय, मॅडम. पक्ष्यांना काय, आज इथे, उद्या तिथे.”

नाईकनवऱ्यांनी रुमालानं मान पुसली. “टिपणीसबाई, पाणी नाही, गवत नाही, चिटपाखरू नाही. आमच्याकडे अशा जमिनीला माळ म्हणतात.”

मी खाली वाकले. पायाखाली मेलेल्या गोगलगायींचे पांढरे शंख होते, हजारोंनी. खारफुटीची मुळं जमिनीतून बोटभर वर आली होती आणि काडीसारखी मोडत होती. ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या कोरडी असलेली नव्हती. ती नुकतीच मेली होती, आणि हे ओळखायला माझी पदवीसुद्धा पुरेशी होती.

“उघाडी कुठे आहे इथली?” मी विचारलं.

बेंद्र्यांचा चेहरा तेवढ्यापुरता कोरडा झाला. उघाडी म्हणजे बांधातलं दार. दगडी मोरी आणि तिला लाकडी झडप. उधाणाच्या भरतीला गावकरी ती उचलून धरतात, खाडीचं पाणी आत येतं, पाण्याबरोबर माशांची पिल्लं येतात आणि मोठं खाजण भरतं. खाजणाचा सगळा जीव त्या एका दारात असतो.

“ती पार तिकडे, टोकाला,” बेंद्रे म्हणाले. “जीप जात नाही. मैलभर चालावं लागेल या उन्हात. मला काही नाही, मॅडम, पण साहेबांना रक्तदाब आहे.”

“आपण असं करू,” नाईकनवरे म्हणाले, “जेवल्यावर बघू.”

मी हो म्हणाले. उन्हानं डोकं दुखत होतं हे खरं. माझ्या चपला नव्या होत्या हेही खरं. पण खरं कारण तिसरंच होतं. गावाकडून वारा आला आणि त्या वाऱ्यावर तळणीचा वास आला. तांदळाच्या पिठात घोळवलेला मासा लोखंडी तव्यावर पडला की येतो तो वास. आम्ही कायस्थ मंडळी मासळीच्या बाबतीत कशी असतो हे इकडे कुणाला सांगायला नको. माझे वडील बाजारात मासा नुसता बघून तो कुठल्या खाडीचा ते सांगायचे, आणि माझी जीभ त्यांच्यावर गेली आहे असं घरात कौतुकानं म्हटलं जायचं. त्या जिभेचा मला डॉक्टरेटपेक्षा जास्त अभिमान होता.

जेवण धर्मीबाय घरत यांच्याकडे होतं. बांधापासून गावातलं हे पहिलंच घर. धर्मीबाय साठीची, सडपातळ, लाल काठाचं लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली. तिच्या हातच्या जिताड्याची ख्याती तालुक्यापर्यंत होती. आमच्या भागात ही एक जुनीच रीत. साहेब गावात आला की त्याला जिताडा खायला घालायचा. सातबारा असो, बांधाची दुरुस्ती असो, जिताडा साहेबाच्या पोटात गेला की कागद पुढे सरकतो. जिताडा हा आमच्याकडचा राजा मासा आणि सगळ्यात जुना कारकूनही. कंपनीनं ही रीत बरोबर हेरली होती. बेंद्र्यांनी मासा आणून दिला होता, धर्मीबायनं फक्त रांधायचं होतं.

पडवीत पाट मांडले होते. आतून चुलीचा धूर आणि तो वास. तलाठ्यानं जीपच्या बॉनेटवर बसल्या बसल्या अहवाल लिहून आणला होता. नाईकनवऱ्यांनी तो मोठ्यानं वाचला. “सदर जमिनीची समक्ष पाहणी केली असता तेथे पाणी, जलचर अथवा पक्षी आढळून आले नाहीत. सबब सदर जमीन पाणथळ नसून पडीक असल्याचे समितीचे मत आहे.”

“आपण उघाडी पाहायची राहिलीय,” मी म्हणाले.

“बघू की. कागद तर तयार असू दे.”

“मग ‘पाहणीच्या दिवशी’ हे शब्द घाला. पाहणीच्या दिवशी आढळून आले नाहीत.”

नाईकनवऱ्यांनी तलाठ्याकडे पाहून मान हलवली. तलाठ्यानं वर बारीक अक्षरात ते दोन शब्द घुसवले. मला केवढं समाधान वाटलं! आपण किती काटेकोर, किती प्रामाणिक! त्या दोन शब्दांनी मी माझ्या मनाची समजूत घातली, आणि माझं मनही इतकं भुकेलं होतं की लगेच समजलं.

“सह्या जेवल्यावर करू,” नाईकनवरे म्हणाले.

तेव्हा मी जे बोलले ते मला अक्षरन्‌अक्षर पाठ आहे.

“नको, आधीच उरकून टाकू. मग निवांत जेवता येईल. तेलकट हातानं कागदाला हात लावायला मला नाही आवडत.”

कुणीही मला घाई केली नव्हती. कुणी दम दिला नव्हता, पाकीट सरकवलं नव्हतं. मी पर्समधून माझंच पेन काढलं आणि सही केली, खाली पदवीसकट. त्याच पेनानं नाईकनवऱ्यांनीही केली. तलाठ्यानं कागद घडी घालून पिशवीत ठेवला. त्याला तालुक्याला पोचायचं होतं, त्यानं डबा बांधून घेतला आणि मोटारसायकलवर बसून तो गेला. मी हातपाय धुऊन पाटावर बसले.

नाईकनवरे आणि बेंद्र्यांना धर्मीबायच्या सुनेनं वाढलं. माझं ताट धर्मीबायनं स्वतः आणलं.

“यो तुजेसाठी, बाय,” ती म्हणाली. “गाबोली खातंस ना?”

आगरी बायका कुणालाही तूच म्हणतात, त्यात मान कमी नसतो. ताटात तळलेली एक जाड तुकडी होती आणि शेजारी गाबोळी. माशाची अंडी. हाताच्या पंजाएवढी अख्खी गाबोळी, हळद-तिखट लावून, मंद आचेवर खरपूस केलेली. बाकीच्यांच्या ताटात ती नव्हती. माझ्यासाठी खास, म्हणून मी फुगले. धर्मीबाय माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. रांधणारीला कौतुक हवं असतं, तसं असेल असं मला वाटलं.

मी खाल्लं. कसं खाल्लं ते सांगायची लाज वाटते, म्हणूनच सांगते. गाबोळीचा कण न्‌ कण मी बोटानं पुसून खाल्ला. तुकडीचं कातडं खाल्लं, काटा चोखला. समोर नाईकनवरे कालवण भुरकत होते, काटे ताटाबाहेर थुंकत होते, ढेकर देत होते, आणि मला त्यांची किळस येत होती. त्यांना मासा खाता येत नाही म्हणून! मग मी कालवणाचा घास घेतला आणि थांबले.

“बेंद्रे, कालवणातला मासा बर्फातला आहे,” मी म्हणाले.

“अर्थात, मॅडम. मुंबईहून मागवलाय. सगळा एकच लॉट.”

“छे! कालवणातला असेल. माझ्या ताटातली तुकडी बर्फातली नाही. कायस्थाच्या मुलीला हे सांगू नका. बर्फातल्या माशाचा कापूस होतो. हा पाकळी-पाकळीनं सुटतोय. आणि याला मातीचा वास आहे, खाजणाच्या मातीचा. हा मासा आज सकाळपर्यंत पोहत होता.”

माझी जीभ! बोलून झाल्यावर मी विजयानं सगळ्यांकडे पाहिलं. नाईकनवरे भात कालवत होते. बेंद्र्यांचा हात मात्र ताटावर थांबला. त्यांनी धर्मीबायकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग ते हसले.

“असेल, मॅडम. तुमची जीभ चुकायची नाही. पण आता मासा कुठलाही असो. सह्या झाल्यात.”

तेवढ्यात धर्मीबाय उठली आणि आत गेली. मी अजूनही चढलेलीच होते. मग बेंद्र्यांचं वाक्य माझ्यात हळूहळू उतरलं, घशात काटा उतरतो तसं. मी उष्ट्या हातानंच उठून आत गेले.

चुलीजवळ धर्मीबाय भिंतीला टेकून उभी होती. मोरीपाशी एका घमेल्यात माशाचं डोकं होतं. एवढं मोठं डोकं मी कॉलेजच्या बरणीतही पाहिलं नव्हतं.

“धर्मीबाय, हा कुठला?”

“खाजनानचा.”

“खाजणात पाणी कुठे आहे?”

“उघारीचे मागं डबका रायलाय, गुडघाभर. चार महिने झाले, कंपनीचे पोरांनी मातीच्या गोनी टाकून उघारी बुजवलानी. पानी आटला, मासली मेली. जी रायली ती सगली त्या डबक्यान जमली. यी येकच मोठी होती त्यान. सकालचे पारी मीच जाला टाकला नी धरली. कुठं जाईल बिचारी? भायेर जावाची वाटच बंद.”

जिताडा जन्मतो तेव्हा नर असतो. पाच-सहा वर्षांनी, वाढला की मादी होतो. पावसाच्या तोंडावर ती मादी गाभण होऊन खाडीच्या मुखाशी जाते, आणि तिची पिल्लं भरतीबरोबर उघाडीतून परत खाजणात येतात. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. ती अख्खी आकृती मी आत्ता बोटं चाटून खाल्ली होती.

“अहो, मग सकाळी का नाही बोललात? आम्ही तासभर उभे होतो तिथे!”

“कशी बोलू? माजा पोर त्यांचे गेटीवं राखनीला हाय. गाववाल्यांनी सांगलानी, समितीचे पुरं तोंड खोलाचा नाय.” तिनं आवाज खाली आणला. “मंग मी मनात बोल्ली, बोलाची बंदी हाय, रांदाची नाय. तू टिपनीसांची. तुमी कायस्त मानसा खानारी. सायबाला काय कलनार नाय, पन तुना चव कलंल. मंग तू इचारशील, यो मासा आला कुठशी? मंग कागदावं लिवशील, पानी हाय म्हनून. म्हनून तुजे ताटान दिला.”

मी घमेल्यातल्या डोक्याकडे पाहिलं.

“आमचेकरं सायेब पयला जेवतं, मंग सही करतं,” ती म्हणाली. “माजे सासऱ्यापासून आसाच चाललाय. तू सही नाय केलीस ना आजून?”

माझ्या हाताला गाबोळीचं तेल होतं. मी तो हात साडीमागे नेला. एवढी हालचाल तिला पुरली. तिनं घमेलं उचललं आणि मोरीवर नेऊन पालथं घातलं.

मी बाहेर आले. नाईकनवरे बडीशेप चघळत होते.

“साहेब, तो अहवाल परत मागवा. खाजणात पाणी आहे. उघाडी मुद्दाम बुजवलीय.”

“पाहिलंत तुम्ही?”

“नाही. पण मासा...”

“कुठला मासा?”

“मी खाल्ला तो!”

नाईकनवऱ्यांचं चघळणं थांबलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. “म्हणजे पुरावा तुम्हीच खाल्लात की, टिपणीसबाई! आता काय लिहू मी? जलचर आढळून आले, परंतु तज्ज्ञ सदस्यांनी ते लिंबू पिळून...” पुढचं त्यांना हसण्यामुळे बोलता आलं नाही. बेंद्रे हसले नाहीत. त्यांनी खिशातून सुगंधी कागदी रुमाल काढला आणि अदबीनं माझ्या पुढे धरला. नाईकनवऱ्यांच्या हसण्यापेक्षा मला त्या रुमालाची जास्त शिसारी आली, आणि मी तो घेतला, याची सगळ्यात जास्त.

तरी मी उघाडीपर्यंत गेले. एकटीच, बांधावरून, त्या नव्या चपला हातात घेऊन. जीप तिथपर्यंत आरामात गेली असती; जेसीबीच्या चाकांच्या खुणा थेट उघाडीपर्यंत होत्या. मोरीच्या तोंडाशी मातीच्या गोण्या रचल्या होत्या, नीट, एकावर एक, भिंतीसारख्या. बाहेरच्या बाजूला खाडी भरत होती. पाणी येऊन गोण्यांना लागत होतं आणि मागे जात होतं. आतल्या बाजूला डबकं होतं. गुडघाभर, धर्मीबाय म्हणाली तसं. पाण्यावर हिरवट साय आली होती आणि त्यात छोटे मासे तोंड वर काढून श्वास घेत होते, शेकड्यांनी. मी एक गोणी ओढून पाहिली. ती हललीसुद्धा नाही. तिथेच बांधावर बसून मी ओकायचा प्रयत्न केला. घशात बोटं घातली. बोटांना गाबोळीचाच वास होता. ओकारीही आली नाही. इतकं चांगलं पचलं होतं मला ते.

परत आले तेव्हा साहेबांची जीप गेली होती. माझ्यासाठी कंपनीनं वेगळी गाडी ठेवली होती, थंड हवेची. मी त्या गाडीतून घरी आले. चालत येऊ शकले असते, एसटी होती, पण मी त्या गाडीतून आले.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. चार पानी. उघाडी, गोण्या, शंख, खारफुटी, सगळं लिहिलं, फक्त ताट वगळून. सहा आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपण स्वतः समक्ष पाहणी करून, आपणच सुचविलेल्या दुरुस्तीसह, अहवालावर स्वेच्छेने स्वाक्षरी केलेली आहे, सबब आपल्या पत्राचा विचार करता येत नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तोवर अर्धं खाजण लाल मातीनं भरलं होतं. आपल्याकडे म्हणतात, अमक्यानं शेण खाल्लं. मला या म्हणण्याचा राग येतो. शेण खाणारा निदान तोंड तरी वाकडं करत असेल.

या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. इमारती उभ्या आहेत. वसाहतीच्या दारात सिमेंटचं एक तळं बांधलंय आणि त्यात पत्र्याचे दोन बगळे उभे केलेत. पावसाळ्यात उधाण आलं की पूर्वी खाजणात मावणारं पाणी आता गावात शिरतं. सगळ्यात आधी बांधाजवळच्या पहिल्या घरात. मी मासे खात नाही. नातेवाईक म्हणतात, टिपणीसांच्या घरात हे काय नवीन? मी डॉक्टरांचं नाव सांगते.

गेल्या वर्षी बहिणीबरोबर बाजारात जावं लागलं. मासळीच्या ओट्यावर एका म्हातारीनं मला हाक मारली. मी तिला ओळखलं नाही, तिनं मात्र ओळखलं. धर्मीबाय. आता ऐंशीच्या पुढची. समोर थर्माकोलच्या खोक्यात जिताडे मांडलेले, सगळे एका मापाचे, डोळे पांढरे झालेले.

“यो घेव नको,” बहीण भाव विचारत होती, तिला ती म्हणाली. “आंद्राचा हाय, तलावान वारवलेला. चव नाय. तुजी बयीन ओलखील.”

मी तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, “धर्मीबाय, त्या दिवशी मी...”

“पानी येतं घरान,” ती मध्येच म्हणाली. “दोनदा चूल वाहून गेली. मंग माला केला, तिथं झोपतो.” तिनं माशांवर मूठभर बर्फ टाकला. मग माझ्याकडे बघून, अगदी मायेनं, समजूत घालावी तशी म्हणाली, “पन तू तवा पोटभर जेवलीस ना, त्या बरा झाला, बाय. शेवटची व्हती ती. वाया नाय गेली.”